ब्रेक कुठं मारायचा

बावीस वर्षं मी ब्रेक डिस्क ओततोय, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी तबकडी, जिला ब्रेकचे पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे. सकाळी पहिली हीट, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचा पहिला घाणा निघतो, चौदाशे अंशांच्या आसपासचं लोखंड लाडलमधून साच्यात उतरतं आणि फेटलिंग होऊन, म्हणजे जादाचं लोखंड घासून काढून, डिस्कचे ढीग मशीन शॉपकडं जातात. डिस्कला ग्रे आयर्नच का लागतं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्या लोखंडात ग्राफाइटच्या बारीक पाकळ्या असतात. मायक्रोस्कोपखाली धरल्या तर वाळलेली गवताची काडी विखुरल्यासारख्या दिसतात. उष्णता त्या पाकळ्यांच्या वाटेनं पळते आणि थरथर त्यांच्यातच जिरते. साच्यातला कोअर, म्हणजे डिस्कच्या आतल्या फटींसाठी ठेवलेला वाळूचा गाभा, जरा सरकला तर डिस्कची एक भिंत पातळ होते आणि गिऱ्हाईक अख्खा लॉट परत पाठवतं. हे सगळं मला येत होतं. पण त्या डिस्कवर रोज काय बेततं, ते मला गेल्या फेब्रुवारीत कळलं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, स्वतःच्या उजव्या पायाखाली, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी.

गाडीचं वेड आमच्या गावाला जुनंच. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून दसरा चौकात सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची मेबॅक येताना मी पाहिली आहे. सोनं लुटायची घाई सगळ्यांना, माझं लक्ष त्या लांबलचक बॉनेटवर. पुढं गावाजवळच मोहितेंचा शर्यतीचा ट्रॅक झाला, राष्ट्रीय कार्टिंगच्या, म्हणजे बुटक्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींच्या, फेऱ्या इथं होऊ लागल्या. ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या शर्यतींत उतरला, कृष्णराज महाडिक थेट ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये जाऊन चालवून आला. कोल्हापूरच्या पोरांची नावं वेगाच्या खेळात यायला लागली तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. मला शर्यत जिंकायची नव्हती. नीट चालवायला शिकायचं होतं, एवढंच.

चार वर्षांपूर्वी पुण्यातून जुनी पोर्श केमन घेतली, २०१४ची. २.७ लिटरचं सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन, २७५ हॉर्सपॉवर, सात गिअरचा ऑटोमॅटिक पीडीके गिअरबॉक्स. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं, मागच्या चाकांच्या पुढं. बॉनेट उघडलं तर डिकी, मागचं झाकण उघडलं तरी डिकी. इंजिन डोळ्यांना दिसतच नाही, ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं तेवढी मागच्या डिकीत. ऑइल तपासायला दांडीसुद्धा नाही, पातळी डॅशबोर्डवर बघायची. आमच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पहिल्यांदा गाडी पाहिली तेव्हा भोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "मालक, इंजिन दाखवा की आदी."

ही गाडी कोल्हापुरात चालवायची म्हणजे स्पीडब्रेकर तिरका घेत घेत जायचं. रविवारी पहाटे हायवेला लागायचं, निपाणीपर्यंत जाऊन चहा पिऊन परत. अशाच एका पहाटे निपाणीच्या जरा पुढं तवंदी घाटात मी जरा जास्त वेगात एका वळणाला शिरलो आणि समोर उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. गाडी थांबली, अंतर उरलं हातभर. ट्रॅक्टरवाल्याला कळलंसुद्धा नाही. मी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसता बसून राहिलो. दिवा नसणं ही त्याची चूक खरी, पण त्या वळणाला तो वेग ही माझी चूक होती, आणि माझी मोठी होती. त्या दिवशी ठरवलं की ही हौस रस्त्यावर भागवायची नाही. जिथं समोरून कुणी येत नाही, कडेनं शाळेला निघालेली पोरं नाहीत आणि बाहेर गेलो तर मातीत जाऊ, अशाच जागी.

सुरुवात भाच्यानं करून दिली. तो म्हणाला, "मामा, आधी कार्ट चालवा. गाडीचं नंतर बघू." आमच्या ट्रॅकची लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर, पण पहिल्या दिवशी दहा मिनिटांत माझे पुढचे हात भरून आले. कार्टला सस्पेन्शन नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, डिफरन्शियल नाही. मागची दोन्ही चाकं एकाच दांडीवर. तिथं कुणी तुमच्या चुकीवर पांघरूण घालत नाही. ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला, तोही वळणात दाबला की गाडी जागच्या जागी फिरते. बरगड्या आठवडाभर दुखत होत्या, शिंकलं तरी कळ यायची. तरी दर पंधरा दिवसांनी जात राहिलो, सात-आठ महिने. माझ्यापुढं बारा-तेरा वर्षांची पोरं सुळकन निघून जायची आणि मी त्यांच्यामागं राहून ती कुठं वळतात ते बघायचो. तालमीत नव्या पोराला वस्ताद आधी नुसतं बसवून कुस्ती बघायला लावतो, तसं.

तिथं एक गोष्ट अंगात मुरली. वळणाला बाहेरून शिरायचं, आतल्या कडेला टेकायचं, पुन्हा बाहेर सुटायचं. आतली जी जागा टेकायची तिला एपेक्स म्हणतात. आपला स्वभाव एपेक्स लवकर गाठायचा. वळण दिसलं की हात आपोआप आत ओढतात, आणि मग बाहेर पडताना रस्ता संपतो. उशिरा वळलं तर सुरुवातीला वेळ गेल्यासारखं वाटतं, पण पुढचा रस्ता सरळ मिळतो आणि ॲक्सिलरेटर आधी देता येतो.

मग केमनची तयारी, चेन्नईजवळच्या त्या ट्रॅकवर हौशी लोकांना आपापली गाडी चालवायला मिळते त्या दिवसासाठी. पहिला धक्का विम्याचा. पॉलिसी मी तोवर कधी शेवटपर्यंत वाचली नव्हती. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत गाडी कशासाठी वापरायची नाही त्याची यादी असते आणि त्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी स्पष्ट लिहिलेली असते. म्हणजे ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपल्या खिशातून. बायकोसमोर बसून मी आकडा मांडला, पुढचा बंपर, दिवे, एक चाक, एक सस्पेन्शनचा हात. ती म्हणाली, "गाडीचं होऊ दे काय व्हायचं ते. हेल्मेट चांगलं घ्या." तेही शिकायला लागलं. मोटरसायकलचं हेल्मेट तिथं चालत नाही, गाडीसाठी एसए शिक्क्याचं लागतं, कारण त्याच्या आतलं कापड आग लवकर धरत नाही.

टायर ठीक होते. पॅड नवे टाकले, जास्त उष्णता सोसणारे. राहिलं ब्रेक फ्लुइड, म्हणजे पेडलवरचा जोर चाकाजवळच्या कॅलिपरपर्यंत, पॅड आवळणाऱ्या पकडीपर्यंत, नेणारा द्रव. सहाच महिन्यांपूर्वी गाडी बाहेरगावी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला दिली होती आणि बिलात 'ब्रेक फ्लुइड बदलले' अशी ओळ होती, पैसेही लावले होते. मिस्त्रींनी पुढच्या डिकीतलं झाकण काढून टाकीत टॉर्च मारला. फ्लुइड सोन्यासारखं स्वच्छ.

"दिसतंय तर नवं," ते म्हणाले. "पर मालक, खालनं काडून बगूया का? टाकी दिसती, कॅलिपर दिसत न्हाई."

मी घड्याळ बघितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, एक कंटेनर भरायचा राहिला होता. मी म्हणालो, "बिलात लिहिलंय की मिस्त्री." ते काही बोलले नाहीत. पण निघताना त्यांच्या पेटीत फ्लुइडचे दोन सीलबंद डबे आणि पारदर्शक नळी होती, हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. मी आणि मिस्त्री केमनमध्ये, भाचा मागून दुसऱ्या गाडीत सामान घेऊन. बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर. ट्रॅक श्रीपेरुंबुदूरच्या जवळ, म्हणजे बंगळूरकडून जाताना चेन्नईच्या अलीकडंच. सगळं मिळून नऊशे किलोमीटरच्या वर. मिस्त्रींनी वाटेत प्रत्येक पंपावर टायरला हात लावून बघितला.

हा ट्रॅक १९९० सालचा, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा. ३.७ किलोमीटर, बारा वळणं. त्याआधी तिकडच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. सकाळी सात वाजता आम्ही पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून तयार करायच्या आवारात, शिरलो तेव्हा तिथं सगळ्या प्रकारच्या गाड्या होत्या. पोलो, ऑक्टाविया, एक जुनी होंडा सिटी आतून पूर्ण सोलून काढलेली, दोन-तीन महागड्या. कुणी कुणाच्या गाडीकडं किंमत म्हणून बघत नव्हतं. होंडावाला येऊन माझ्या टायरच्या कडा बघून गेला आणि म्हणाला की गार हवा चार पौंड कमी ठेवा, तापल्यावर आपोआप वर येते. तसंच झालं.

तपासणीत गाडीतली एकूण एक सुटी वस्तू काढायला लावली. पायपुसणी, पाण्याची बाटली, चार्जरची वायर, डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा. तो मी खिशात ठेवला. बाटली घरंगळून ब्रेक पेडलखाली गेली तर काय होईल, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढं काही सांगायची गरज उरली नाही. पुढच्या बंपरमध्ये टोइंगचा हुक बसवला. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचनं १६० न्यूटन मीटरला तपासले. मग जबाबदारी आपली आपण घेतल्याचा कागद, त्यावर सही. सही करताना हात जरा थांबला, खोटं कशाला सांगू.

ब्रीफिंगमध्ये झेंडे समजावले. पिवळा म्हणजे पुढं काहीतरी झालंय, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळे सावकाश पिटमध्ये, ट्रॅकशेजारच्या थांब्यावर. निळा म्हणजे मागं तुमच्यापेक्षा वेगवान कुणीतरी आहे. ओव्हरटेक फक्त स्ट्रेटवर, आणि तोही पुढच्यानं हात दाखवून वाट दिली तरच. नवख्यांचा गट वेगळा. एका फेरीला पंधरा-वीस मिनिटंच गाडी बाहेर, मग विश्रांती. टायमिंग लावायचं नाही, हे दोनदा सांगितलं.

माझ्या शेजारी शिकवायला बसलेला मुलगा कोईम्बतूरचा, पंचविशीतला, स्वतः शर्यती केलेला. त्याच्या गावानं नारायण कार्तिकेयन दिला, भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर, त्यामुळं तिथल्या पोरांना हे बाळकडूच मिळतं असं दिसलं. आमचं बोलणं थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी सगळं हातवारे. पहिले दोन लॅप, म्हणजे ट्रॅकचे दोन पूर्ण वेढे, त्यानं मला नुसतं फिरवलं. खुणेचे शंकूसारखे कोन कुठं लावलेत, त्यातला ब्रेकचा कुठला, वळायचा कुठला, एपेक्सचा कुठला, ते दाखवलं. तिसऱ्या लॅपला वेग वाढवला आणि सर्वांत वेगाचा टप्पा संपून जिथं घट्ट वळण येतं तिथं तो ओरडला, "ब्रेक!"

मी मारला. तो मान हलवत राहिला. लॅपमागून लॅप तेच. शेवटी पिटमध्ये आल्यावर त्यानं माझा हात स्वतःच्या हातात घेतला आणि तळव्यावर दाबून दाखवलं. मी कसा दाबतो ते आधी, हळू, हळू, मग जोरात. आणि कसा दाबायचा ते नंतर, पहिल्याच क्षणी पूर्ण जोर, मग हळूहळू सोडत यायचं.

माझं सगळं आयुष्य उलटं चालवण्यात गेलं होतं हे मला त्या तळव्यावर कळलं. रस्त्यावर आपण सगळेच तसं करतो. सिग्नल दिसला की पाय अलगद टेकवतो, जवळ येऊ तसा दाब वाढवतो, शेवटी बसलेल्यांची मान पुढं जाते. ट्रॅकवर वेग सर्वांत जास्त असतो तेव्हाच ब्रेकला सर्वांत जास्त काम द्यायचं. गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, पुढचे टायर जमिनीला घट्ट धरतात. मग वळायला लागलं की दाब थोडा थोडा काढत जायचं, म्हणजे ते वजन वळणात शिरेपर्यंत पुढंच राहतं. एकदम पाय उचलला तर नाक वर येतं, पकड जाते आणि वळायचं म्हणून आपण स्टिअरिंग आणखी फिरवतो.

दुसऱ्या फेरीत मी ते करून बघितलं. पेडलवर पाय टाकला तो सगळ्या ताकदीनं. चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा खडखडाट तळव्यातून पोटरीपर्यंत आला, पट्टा छातीत रुतला, डोळ्यांतलं पाणी पुढं आल्यासारखं झालं. आणि गाडी कोनाच्या कितीतरी अलीकडं इतकी मंदावली की पुन्हा ॲक्सिलरेटर द्यावा लागला. मुलगा हसला. म्हणजे ब्रेक अजून उशिरा मारता येतो. पुढच्या लॅपला गाडीच्या एका लांबीनं उशिरा. त्याच्या पुढच्या लॅपला आणखी एक लांबी.

दुपारी जेवणाच्या वेळी मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला, फौंड्रीतली सवय. माझ्यासकट गाडी साधारण साडेचौदाशे किलो. ताशी १८० वरून ८० वर यायचं. जी ऊर्जा जिरवायची ती जवळपास साडेचौदा लाख ज्यूल. तेवढ्या उष्णतेत साधं नळाचं साडेचार लिटर पाणी उकळतं. घरी गॅसवर त्याला वीसेक मिनिटं लागतील, इथं ते काम तीन-साडेतीन सेकंदांत चार डिस्क करतात. एका वळणाला. मग पुढचं वळण, पुन्हा पुढचं. मी कागद मिस्त्रींपुढं सरकवला. त्यांनी शेवटचा आकडा बघितला आणि चाकाच्या जाळीतून डिस्ककडं बघत राहिले.

आणखी एक सांगायला हवं, नजरेचं. पहिल्या फेरीत मी बॉनेटच्या पुढं दहा मीटरवर बघत होतो. मुलगा सारखा हनुवटीखाली बोट लावून वर करायला सांगायचा. वळणात शिरताना बाजूच्या काचेतून एपेक्स बघायचा, एपेक्सला पोचायच्या आधी बाहेरची कड बघायची. नजर पुढं गेली की हात शांत होतात. हे मी ऐकून होतो, पण हात खरोखरच शांत झाले तेव्हा दचकलो. ज्या वळणात चार वेळा स्टिअरिंग दुरुस्त करत होतो तिथं एकदाच वळवलं आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. त्याच फेरीत एकदा वेग जास्त वाटून वळणाच्या मध्येच ॲक्सिलरेटर सोडला. मागचा भाग हलका होऊन बाहेर निघाला, माझा श्वास अडकला. गाडीच्या स्टॅबिलिटी कंट्रोलनं एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ केलं. मुलगा एवढंच म्हणाला की हे तू नाही सांभाळलंस, तिनं सांभाळलं. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

तिसरी फेरी दुपारी तीनला. मुलगा दुसऱ्या गाडीत गेला होता, मला आता एकट्याला सोडलं होतं. चौथा लॅप चांगला गेला. पाचव्याला त्याच घट्ट वळणाआधी पाय टाकला आणि पेडल खाली गेलं. पूर्ण तुटल्यासारखं नाही, चिखलात पाय जावा तसं, मऊ, लांब. गाडी मंदावत होती, पण अर्धवट. त्या वेळी डोक्यात काय आलं ते मला स्वच्छ आठवतं. पाय उचलून पुन्हा मारायचा. पुन्हा. कार्टिंगच्या दिवसांत भाच्यानं सांगून ठेवलं होतं, पेडल गेलं तर पंप करा, आणि वळायचा प्रयत्न करू नका. तिसऱ्या दाबाला थोडा जोर लागला. मी स्टिअरिंग सरळ धरलं, वळण सोडून दिलं आणि सरळ बाहेरच्या मातीत गेलो. धूळ, खडे तळाला आपटल्याचा आवाज, मग शांतता. मार्शलनं पिवळा झेंडा काढला. गाडीला ओरखडाही नव्हता. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो होतो आणि खिशातल्या गणपतीचा कोपरा मांडीला टोचत होता.

हळूहळू पिटमध्ये आलो. मिस्त्रींना काही सांगावं लागलं नाही, माझा चेहरा बघून ते उठले. वीस मिनिटांनी भाच्यानं बसून पेडल दाबलं आणि म्हणाला, "मामा, आलं की जाग्यावर! एकदम कडक आहे."

"उतर खाली," मिस्त्री म्हणाले. "गार झालंय म्हणून कडक हाय. परत तापलं की परत जाईल."

त्यांनी पुढचं उजवं चाक काढलं, कॅलिपरच्या निपलला, म्हणजे फ्लुइड काढायच्या तोंडाला, नळी लावली, दुसरं टोक बाटलीत. मी पेडलवर. "दाबा. धरा. सोडा." नळीतून जे आलं ते काळपट तांबडं होतं, टपरीवरच्या उकळून उकळून राहिलेल्या चहासारखं. आणि त्यात बुडबुडे. या कॅलिपरला दोन निपल, आतलं आणि बाहेरचं. दोन्हीतून तेच. वर टाकीत मात्र अजून सोन्यासारखं फ्लुइड होतं. बिल लावणाऱ्या त्या वर्कशॉपनं टाकीतलं जुनं तेवढं पिचकारीनं ओढून वर नवं ओतलं होतं. खाली, जिथं उष्णता पोचते तिथं, कितीतरी वर्षांचं फ्लुइड तसंच होतं.

त्याचं गणित असं. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, हा त्याचा गुणधर्मच आहे. डॉट ४ दर्जाचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पाणी शोषल्यावर तीच किमान पातळी १५५वर येते. आपल्याकडच्या पावसात चार महिने उभी असलेली गाडी किती पाणी पीत असेल याचा विचार करा. द्रव दबत नाही म्हणून पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतो. त्यात वाफ झाली की पाय वाफ दाबत बसतो. गार झालं की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल पुन्हा कडक. म्हणूनच नुसतं पेडल दाबून बघून काही कळत नाही. रस्त्यावर मला हे कधीच कळलं नसतं. तवंदी घाटात त्या पहाटे गाडी हातभर अंतरावर थांबली ती याच फ्लुइडवर की काय, हा विचार मला त्या जागी उभ्या उभ्या आला आणि पोटात खड्डा पडला.

मला राग आला होता, अजूनही येतो. टायर गुळगुळीत झाला तर गिऱ्हाईकाला दिसतो, पॅड संपला तर आवाज करतो. फ्लुइड न बदलता बदललं म्हणून लिहिलं तर माणसाला ते कळायला मार्गच नसतो. आमच्या धंद्यात एखादा साचा खराब गेला तर तो लोखंडातले घटक सांगणाऱ्या स्पेक्ट्रो रिपोर्टमध्ये, नाहीतर मशीनिंगमध्ये कुठंतरी सापडतोच. तरी आम्ही आधी सांगतो. परत आल्यावर मी त्या वर्कशॉपवाल्यांना नळीतल्या फ्लुइडची बाटली दाखवली. पैसे परत मिळाले. मला ते नको होते, ज्यानं ते काम केलं त्याला समोर बसवून ती बाटली दाखवायची होती. ते झालं नाही.

मिस्त्रींनी चारही चाकं काढून आठही निपलमधून स्वच्छ येईपर्यंत फ्लुइड काढलं. दोन्ही डबे संपत आले. सव्वा तास गेला, एक फेरी हुकली. होंडावाला गुडघ्यावर बसून बोल्ट आवळायला मदत करत होता, न सांगता.

शेवटची फेरी साडेचारची. मुलगा पुन्हा शेजारी बसला. पहिले दोन लॅप मी ब्रेक लवकर मारत होतो, पायाला विश्वास नव्हता. त्यानं घाई केली नाही. तिसऱ्या लॅपला पेडल पुन्हा पहिल्यासारखं, दगडासारखं. चौथ्याला मी कोनापाशी मारला. पाय टाकला, धरला, सोडत सोडत वळणात शिरलो, नजर आधीच बाहेरच्या कडेला, आणि गाडी स्वतःहून एपेक्सला आली. मी काही केलं असं वाटलंच नाही. बाहेर पडताना ॲक्सिलरेटर पूर्ण, पाठीमागं ते सहा सिलिंडरचं इंजिन सात हजारांच्या वर ओरडतंय. मुलानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि पुढच्या दोन लॅपमध्ये एक शब्द बोलला नाही.

शेवटचा लॅप सावकाश, ब्रेकला जवळजवळ हात न लावता, वारं लागून गार व्हायला. पिटमध्ये थांबल्यावर पेडलवर पाय ठेवायचा नाही हेही शिकलो. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून राहिला तर त्याचा थर तिथं चिकटतो. पुढं ती जागा इतरांपेक्षा जास्त तापत राहते आणि लोखंडात सिमेंटाइट या कडक संयुगाचे डाग तयार होतात. फौंड्रीत पातळ कडा पटकन गार होऊन लोखंड पांढरं पडतं, त्याला आम्ही चिल म्हणतो आणि तो शोधून बाजूला काढतो. तोच शत्रू वेगळ्या वाटेनं इथं येतो. बावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

परत आल्यावर दोन दिवसांनी मिस्त्रींनी पुढच्या दोन्ही डिस्क काढून फौंड्रीत आणल्या. कडेला निळसर छटा आली होती, पृष्ठभागावर केसाएवढ्या बारीक उष्णतेच्या भेगा, नख फिरवलं तर जेमतेम लागतील अशा. अजून चालतील, पण लक्ष ठेवायला हवं. मी मोल्डिंगच्या पोरांना बोलावलं, कोअर शॉपच्या दोघा बायकांनाही. त्या रोज हातानं कोअर साफ करतात. त्यांनी गाडी कधी चालवलेली नाही. डिस्क हातात देऊन सांगितलं की तुम्ही केलेल्या कोअरनं डिस्कमध्ये ज्या फटी होतात, त्यांतून वारं जातं आणि ही गार होते. एकीनं आमची छोट्या पिकअपची डिस्क उचलली, उजेडाकडं धरून फटीतून आरपार बघितलं आणि विचारलं, "मग ह्यातली एक बुजली तर?"

मी सांगितलं. ती परत जागेवर गेली आणि सकाळच्या ढिगातले कोअर पुन्हा एकदा वेचून बघू लागली.

जानेवारीत पुन्हा जायचं ठरलंय, या वेळी दोन दिवस. फ्लुइडचे चार डबे मिस्त्रींच्या कपाटात आहेत, सील न फोडलेले. निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्यासमोर फोडायचे, असं त्यांनी सांगून ठेवलंय.